झाकणाखालचं पाणी

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं: येत्या रविवारी हातात टॉर्च घ्या, घरातलं आणि घराभोवतीचं साठलेलं पाणी बघा, काय दिसलं ते कळवा. पत्रं भरपूर आली, पण बहुतेक दुसऱ्यांच्या घराबद्दल. शेजाऱ्याची टाकी, वरच्या मजल्यावरच्या कुंड्या, समोरचं बंद घर. स्वतःच्या घराबद्दल लिहिणारे चौघेच निघाले. त्यातल्या दोघांना डासांच्या अळ्या सापडल्या आणि त्यांनी तसं लिहून कळवलं. त्या दोघांचं मला फार कौतुक वाटलं.

काही पत्रांत मला ‘डॉक्टर’ म्हटलंय. मी डॉक्टर नाही. हिवताप विभागात कीटक समाहारक होते. म्हणजे पहाटे लोकांच्या घरात जाऊन भिंतीवर बसलेले डास टॉर्चच्या उजेडात शोषनळीनं ओढून घ्यायचे आणि दिवसा लोकांची पिंपं तपासायची. तीस वर्षं हेच केलं. त्यामुळे औषधांबद्दल विचाराल तर मोजकंच सांगेन. पाण्याबद्दल विचारलंत तर मलाच थांबवावं लागेल. आता एकेक पत्र घेते, आधी पत्र आणि खाली माझं उत्तर.

ताई, आमच्या घरात धुळीचा कण सापडायचा नाही. गटार लांब आहे, कचरा रोज जातो. तरी आधी मुलाला आणि पंधरा दिवसांनी सासूबाईंना डेंग्यू झाला. शेजारी आता आमच्याकडे संशयानं बघतात. आमचं चुकलं कुठे?

तुमचं घर स्वच्छ आहे याबद्दल मला शंका नाही. डेंग्यूच्या डासालाही नसेल. त्याला बहुधा स्वच्छ पाणीच आवडतं. गटारात वाढतो तो क्युलेक्स: रात्री कानाशी गुणगुणणारा, हत्तीरोग पसरवणारा. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस, त्याची जात वेगळी. काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसाउजेडी चावणारा. त्यातही सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. तुम्ही टेबलाशी बसलेले असता आणि तो खाली घोट्याला चावून गेलेला असतो. ‘परिसर स्वच्छ ठेवा, डास टाळा’ अशा पाट्या आम्हीच वर्षानुवर्षं रंगवून घेतल्या. लोकांनी त्यातून गटार आणि कचरा एवढंच उचललं. यात लोकांचा दोष नाही, पाटीच अर्धवट होती.

आता तुमच्या त्या पंधरा दिवसांचा हिशेब करू. तापात असलेल्या मुलाला एडिसची मादी चावली, की विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण आठ ते बारा दिवस जातात. मग ती ज्याला चावेल त्याला चार ते दहा दिवसांत ताप. मुलाला ताप यायच्या आदल्या एक-दोन दिवसांतही त्याच्या रक्तात विषाणू असतो. हे सगळं धरलं तर पंधरा दिवस अगदी बरोबर बसतात. आणि हा डास काही लांबचा प्रवासी नव्हे, शे-दोनशे मीटरच्या पलीकडे तो सहसा जात नाही. म्हणजे ती मादी बहुधा तुमच्याच घरात किंवा भिंतीला भिंत लागून कुठेतरी होती. शेजाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगा. संशयानं बघायचंच असेल तर आधी त्यांनी आपापल्या घरात बघावं.

मला एक घर अजून आठवतं. बाई माझ्या मागोमाग खोल्या दाखवत फिरत होत्या, कुठे काही सापडत नव्हतं आणि त्यांचा चेहरा खुलत चालला होता. निघता निघता मी म्हटलं, फ्रिज जरा पुढे ओढू या. फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला एक ट्रे असतो, बर्फ वितळून पाणी त्यात उतरतं. त्यात दोन बोटं पाणी होतं आणि त्या पाण्यात पन्नासेक अळ्या तरी वळवळत होत्या. बाई खुर्चीवर बसल्याच. मग चिडल्या, पण माझ्यावर नाही, फ्रिजवर.

तर ट्रे बघा. कुंडीखालच्या बशा बघा. बाटलीत लावलेली वेल बघा. पाण्याच्या मीटरचा खड्डा, छपराची पन्हळ, ताडपत्रीची घडी, मागे टाकून दिलेलं टायर, पाळीव प्राण्याचं भांडं. बघायचीही एक रीत आहे. पिंपाशी जाऊन धाडकन झाकण उघडलंत, तर सावली पडताच अळ्या तळाशी जातात आणि तुम्ही म्हणता, पाणी स्वच्छ आहे. झाकण हळू काढा, टॉर्च तिरपा धरा आणि मिनिट-दोन मिनिटं गप्प उभ्या राहा. अळीला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून ती डोकं खाली करून लटकते. पाण्याला समांतर, आडवी पडलेली दिसली तर ती ॲनाफिलिसची, हिवतापाच्या डासाची. स्वल्पविरामासारखा वाकडा, गिड्डा दिसला तर तो कोष, आणि कोष दिसला म्हणजे एक-दोन दिवसांत डास उडणार.

सगळ्यात जास्त फसवतात ती अंडी. एडिस पाण्यावर अंडी घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते. काजळाचे कण असावेत तशी दिसतात. एका खेपेला शंभराच्या आसपास, आणि तीही एकाच भांड्यात नाही, चार ठिकाणी थोडी थोडी. तुम्ही पाणी ओतून भांडं पालथं केलंत तरी अंडी कडेला तशीच राहतात. ती वाळली तरी मरत नाहीत, कित्येक महिने टिकतात. पुढच्या पावसात पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, आतली कड ब्रशनं खसाखसा घासायची. आठवड्यातून एकदा, कारण उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आमच्या भाषेत त्याला ‘कोरडा दिवस’ म्हणतात. दहा दिवसांनी पाळलात तर त्याचा उपयोग नाही.

आम्ही सोसायटीत वर्गणी काढून दर आठवड्याला धूरफवारणी करून घेतो. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा डास. औषध पातळ मिळतंय का?

औषध जाड असतं तरी हेच झालं असतं. तुम्हाला दिसतो तो पांढरा ढग मुख्यतः तापवलेल्या तेलाचा असतो, कीटकनाशक त्यात थोडंसंच. त्याचा थेंब उडत्या डासाच्या अंगावर पडला तर डास मरतो. एडिस त्या वेळी असतो तुमच्या पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटातल्या कपड्यांत. आणि मशिनचा आवाज आला की तुम्ही सगळे काय करता? खिडक्या लावून घेता. बरं, पाण्यातल्या अळ्यांना आणि कोषांना त्या धुराची दखलही नसते. संध्याकाळी जे मेले, त्यांच्या जागी दुसऱ्या दिवशी सकाळी नवे हजर.

कबुली देऊन टाकते. फोनवर तक्रारी वाढल्या की आम्हालाही मशिन घेऊन पाठवायचे. मशिन दिसतं, आवाज करतं, वास येतो, लोकांना काहीतरी झाल्यासारखं वाटतं. त्याच गल्लीत आम्ही चार तास पिंपं तपासली तर कुणी खिडकीतून डोकावतही नसे.

साथ भडकलेली असेल, एका ठिकाणी भराभर रुग्ण निघत असतील, तेव्हा विषाणू घेऊन फिरणाऱ्या माद्या चटकन कमी करायला फवारणी उपयोगी पडते. तीसुद्धा एडिस उडत असतो त्या वेळेला, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, खाण्यापिण्याचं झाकून आणि माणसं बाहेर काढून. एरवी दर आठवड्याला तेच ते औषध मारत राहिलात, तर त्यातून वाचणाऱ्या डासांचीच पुढची पिढी वाढते. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांना एडिस दाद देईनासा झाल्याचं कितीतरी देशांत आढळलंय. तुमची वर्गणी टाक्यांच्या झाकणांना आणि व्हेंट पाइपांना बारीक जाळी बसवायला वापरा. ते काम एकदाच करावं लागतं.

मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. पत्रकं वाटली, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकले, मीटिंगा घेतल्या. सगळे अंगठा दाखवतात आणि करत कुणीच नाही. दोन फ्लॅट तर वर्षभर बंदच आहेत. कंटाळा आला आहे. दंड लावावा का?

दंडाचा मोह मलाही व्हायचा, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

दंडानं काम होतं याला इतिहासात दाखला आहे. क्युबातल्या कार्लोस फिनले या डॉक्टरांनी १८८१ मध्ये सांगितलं की पीतज्वर डासामुळे पसरतो. त्यांचं जवळजवळ वीस वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. १९०० मध्ये अमेरिकी लष्करातले डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकानं ते सिद्ध केलं, आणि १९०१ मध्ये त्याच लष्करातले डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी क्युबातल्या हवाना शहरात घरोघर निरीक्षक पाठवले. पाण्याची पिंपं झाकायची नाहीतर त्यात तेल टाकायचं, अळ्या सापडल्या तर घरमालकाला दंड. वर्षाच्या आत हवानातून पीतज्वर गेला. डास तोच, आपला एडिस इजिप्ती. पण हवाना तेव्हा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होतं. तुमच्या पाठीशी लष्कर नाही, आणि दंड केलेल्या माणसाबरोबर तुम्हाला उद्या त्याच लिफ्टमधून जायचं आहे.

मी स्वतः यात तोंडघशी पडले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वस्तीत अळ्या सापडलेल्या घरांची नावं मी फळ्यावर लिहिली. वाटलं, लाजेनं तरी करतील. पुढच्या आठवड्यात त्या घरांची दारं बंद. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांच्या नात्यातल्या घरांचीही बंद. एका आजोबांनी खिडकीतूनच सांगितलं, “आमच्याकडे पाणीच नाही.” दारं पुन्हा उघडायला मला आख्खा पावसाळा लागला. तेव्हापासून फळ्यावर नाव म्हणून लिहिलं नाही, फक्त आकडा लिहिला.

आकडा कसा काढायचा ते सांगते, अवघड नाही. समजा ४० घरं बघितली आणि ६ घरांत अळ्या निघाल्या, तर घर निर्देशांक १५ टक्के. त्या ६ घरांत मिळून अळ्या असलेली भांडी ९ निघाली, तर दर १०० घरांमागे २२.५, याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. तुमच्या सोसायटीत ‘ए’ इमारत १५, ‘बी’ इमारत ५, एवढंच जिन्याखाली खडूनं लिहा आणि दर रविवारी पुसून नवा आकडा लिहा. ‘ए’ इमारतीतली माणसं आपापसात काय ते बघून घेतात. तुम्हाला कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही.

दुसरं म्हणजे व्हिडिओ बंद करा आणि बरणी आणा. माझ्या सगळ्या नोकरीत काचेच्या बरणीइतकं कामाचं दुसरं काही मिळालं नाही. ज्या घरात अळ्या सापडतील त्याच घरातल्या पाण्यासकट चार-पाच अळ्या आणि मिळाले तर दोन कोष बरणीत घ्यायचे, तोंडाला जाळीचं कापड घट्ट बांधायचं आणि बरणी त्यांच्याच टेबलावर ठेवून यायचं. लहान मूल असलेलं घर असेल तर उत्तमच. मूल शाळेतून आलं की आधी बरणीपाशी जातं. दोन-तीन दिवसांनी कोषाची पाठ उकलते आणि त्यातून ओला, मऊ डास वर येतो, आपल्याच सोडलेल्या सालावर उभा राहून पंख वाळवतो. हे ज्यानं एकदा पाहिलं त्याला ‘डास बाहेरून येतात’ असं पुन्हा कुणी सांगू शकत नाही. एका घरातल्या सात वर्षांच्या मुलीनं त्यानंतर आजीला फुलदाणीतलं पाणी बदलायला लावायचा इतका पिच्छा पुरवला, की आजीनं मलाच बोलावून तक्रार केली.

तिसरं, सगळ्याच भांड्यांच्या मागे लागू नका. बहुतेक ठिकाणी असं दिसतं की अळ्या पुष्कळ भांड्यांत असतात, पण कोष, म्हणजे खरोखर डास होऊन उडणारे, थोड्याच प्रकारच्या भांड्यांतून येतात. बहुधा मोठी, फारशी न हलवली जाणारी: झाकण तुटलेली टाकी, कोपऱ्यातलं पिंप, लिफ्टचा खड्डा. पहिले दोन रविवार कोष मोजा. कुठून येतायत ते कळलं की त्या चार जागा आधी बंद करा. बाटलीच्या झाकणात साचलेल्या पाण्यावरून भांडणं करण्यात जीव नका घालवू.

बंद फ्लॅट म्हणजे खरी डोकेदुखी, आणि तिथे लोक चुकीची जागा बघतात. बाल्कनीतल्या कुंड्या बघतात आणि कमोड विसरतात. वर्षभर न वापरलेला कमोड, त्याची फ्लशची टाकी, मोरीखालच्या पाइपचं पाणी धरून ठेवणारं वळण, या सगळ्यांत पाणी असतं आणि कुणी त्रास द्यायला येत नाही. मालकांना फोन करा. भाषा ‘तुमच्यामुळे’ अशी नको, ‘किल्ली कुणाकडे असते?’ एवढीच असू द्या. आत गेल्यावर फ्लशची टाकी रिकामी करा, कमोडचं झाकण लावून वर प्लॅस्टिक चिकटपट्टीनं बंद करा, मोरीवर जाळी बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे. कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की त्यांनाही हेच सांगायचं.

शेजारी बांधकाम चालू असेल तर स्लॅबवर साठवलेलं पाणी आणि तळघर हे दोन्ही बघायला मिळतंय का ते विचारा. तिथे मुकादमाशी बोला, मालकाशी नाही. मालक नोटीस मागतो. मुकादम झाडू मागतो, आणि त्याला तो दिलात तर पाणी त्याच दिवशी निघतं.

मोबाईलवर डास पळवणाऱ्या आवाजाचं ॲप घेतलं आहे. चालतं का?

नाही. तपासण्या झाल्यात, माद्या त्या आवाजाकडे लक्ष देत नाहीत. मनगटावरचे सुगंधी पट्टे फार तर मनगट वाचवतात, तेही थोडा वेळ. उघड्या अंगाला लावायचं डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम हे खात्रीचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावायचं नाही, त्याच्यासाठी मच्छरदाणी, दिवसासुद्धा.

मुलीला ताप आहे, डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट रोज बघतोय. ताप आज उतरला, त्यामुळे जीव भांड्यात पडला. आता काळजी मिटली ना?

हे पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी या ताईंना फोन केला. मुलगी आता बरी आहे. इतरांसाठी लिहिते.

ताप उतरला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, उलट डोळ्यांत तेल घालून बघायचं. डेंग्यूत धोका असतो तो बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप खाली येतानाच्या एक-दोन दिवसांत. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यावर नजर लावून बसलेल्या घरांत हेच निसटतं. पोटात जोराचं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल एकदम मलूल किंवा विचित्र चिडचिडं होणं, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा. तापाला पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. पाणी, सरबत, पेज थोडं थोडं चालू ठेवायचं.

आणि जी गोष्ट कुणी सांगत नाही ती माझ्या खात्यातली: तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. त्याला डास चावून आता काय होणार, असं म्हणू नका. रुग्णाचं जे व्हायचं ते झालंय, पण त्याला चावलेली मादी घरातल्या दुसऱ्याला चावणार आहे. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एका प्रकारचा होऊन गेला म्हणजे बाकीच्या तिघांपासून कायमची सुटका नाही, आणि दुसऱ्या प्रकारचा झाला तर तो जास्त गंभीर व्हायची शक्यता असते. ज्यांना आधी होऊन गेलाय त्यांनी दुप्पट जपायचं.

मी सातवीत आहे. डास वाईटच आहेत तर शास्त्रज्ञ सगळे डास मारून का टाकत नाहीत? आणि मला एकट्यालाच जास्त का चावतात?

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो मलाही पडायचा. तू सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मादीला लांबूनच कळतो. जवळ आली की तुझ्या अंगाची ऊब आणि घामाचा वास. प्रत्येकाच्या कातडीवर वेगवेगळे सूक्ष्मजीव असतात, त्यामुळे प्रत्येकाचा वास वेगळा, आणि काहींचा तिला जास्तच आवडतो. त्यात तू खेळून आलेला, धापा टाकणारा, गडद रंगाचा टी-शर्ट घातलेला असशील तर तिची चूक नाही. तिची म्हटलं, कारण चावते फक्त मादी. तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. नर फुलांतला रस पिऊन राहतो. भिंग असेल तर बघ: नराच्या डोक्यावरच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात.

सगळे डास मारणं कुणाला जमलेलं नाही, आणि जगात डासांच्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या थोड्याच आपल्याला आजारी पाडतात. पण शास्त्रज्ञांनी एक वेगळीच युक्ती काढली आहे. वोल्बाकिया नावाचा जीवाणू बऱ्याच किड्यांमध्ये आपोआप असतो, एडिस इजिप्तीत मात्र नसतो. तो त्याच्या अंड्यात सुईनं सोडला, तर त्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही, आणि मादीकडून तो जीवाणू पुढच्या पिढीत जातो. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहराचे २४ भाग करून त्यातल्या १२ भागांत असे डास सोडले. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: त्या भागांत डेंग्यू ७७ टक्के कमी. यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की डासांची अंडी ठेवलेल्या बादल्या तिथल्या लोकांनी स्वतःच्या अंगणात ठेवून घेतल्या. डास घरी आणून ठेवायला माणसांना तयार करणं किती कठीण असेल, ते मला विचार!

बागेतल्या तळ्यात गप्पी मासे सोडू का? आणि उरलेले ओढ्यात सोडले तर चालतील ना?

तळ्यात जरूर सोडा, अळ्या फस्त करतात. ओढ्यात, नदीत, तलावात मुळीच नाही. गप्पी आणि त्याहून जास्त गॅम्बुसिया हे मूळचे बाहेरचे मासे, तिथल्या माशांची पिल्लं आणि बेडकांची अंडीही खातात. वाहत्या पाण्याला त्यांची गरजही नाही.

दोन वर्षं आमची समिती दर रविवारी घरं तपासते. या दोन वर्षांत एकही रुग्ण नाही. आता लोक म्हणतात, झालं की, बंद करा. मलाही तसंच वाटायला लागलं आहे.

१९६३ मध्ये श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, वर्षभरात हिवतापाचे अवघे १७ रुग्ण सापडले. त्याआधी तिथे दरवर्षी लाखोंनी सापडायचे. घरांत डीडीटी फवारून फवारून त्यांनी ही वेळ आणली होती. १७ म्हणजे संपलंच, असं मानून फवारणी थांबवली, तपासणी सैल झाली. १९६९ मध्ये रुग्ण पाच लाखांच्या वर गेले. नंतर डीडीटी पूर्वीसारखं लागूही पडेना. पुन्हा सुरुवात करून २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्या देशाला हिवतापमुक्त जाहीर केलं, म्हणजे मधे पन्नासहून जास्त वर्षं गेली.

तुमच्या माणसांना कंटाळा आलाय तो खोटा नाही. दर रविवारी तीच माणसं, तेच जिने. पाळ्या लावा. घर निर्देशांक सलग दोन महिने शून्य असेल तर कोरड्या ऋतूत घरोघर जाणं कमी करून त्या चार मोठ्या जागाच बघा. पावसाच्या आधी तीन आठवडे मात्र पुन्हा सगळी घरं, कारण वाळलेली अंडी तुमच्या समितीची बैठक होईपर्यंत थांबत नाहीत.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे रविवारी बघितलं. गच्चीवरच्या पिंपात अळ्या निघाल्या. दहा-बारा बरणीत भरून ठेवल्या आहेत, जाळी बांधून. आता त्यांचं काय करू?

कौतुक केलं त्या दोघांपैकी हे एक. पिंप रिकामं करून आतून घासलं असेल असं धरते. पिंपातलं पाणी मोरीत ओतलं नाहीत ना? कोरड्या मातीवर ओतायचं, तिथे अळ्या तासाभरात मरतात. मोरीत त्या दुसरीकडे पोचतात.

बरणीचं म्हणाल, तर तुमचं पत्र माझ्याकडे यायला आणि हा अंक तुमच्याकडे पोचायला लागलेले दिवस धरले तर आत आता अळ्या नाहीत, डास आहेत. बरणी उघडू नका. तशीच रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी पांढऱ्या कागदावर ओतून भिंगातून पाठ बघा. दोन्ही कडांना वाकड्या पांढऱ्या रेघा, वीणेसारखी आकृती दिसली तर एडिस इजिप्ती. मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असेल तर एडिस अल्बोपिक्टस, तो बागेत आणि झाडीत जास्त असतो. कुठला निघाला ते कळवा. गच्चीवर झाडं आहेत का, तेही लिहा.